दाताचा फोटो आणि मामाची पाठ

अनुष्काला दात आल्याचं पहिल्यांदा चमच्याला कळलं.

रविवारी सकाळी मी तिला नाचणीचं सत्त्व भरवत होते आणि एकदम 'टिक' असा आवाज आला. आठ महिने मी त्या मुलीच्या शिंका, ढेकर, शी, झोप, सगळं एका वहीत वेळेसकट लिहून ठेवत होते. आणि दात मात्र मला न विचारताच आला होता. बोट फिरवून पाहिलं. खालच्या हिरडीत, बरोब्बर मध्ये, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोचलं.

"अहो! दात!" मी ओरडले.

सत्यजीत अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आले. "हात्तिच्या! मला वाटलं गॅस लीक झाला."

आनंदाच्या भरात मी त्याच दुपारी महाडला आईला आंतर्देशीय पत्र लिहिलं. त्यात अनुष्काचं वजन होतं, तिच्या सर्दीचा सविस्तर वृत्तांत होता आणि शेवटी, 'तुझ्या नातीला दात आला!' असं उद्गारचिन्ह देऊन लिहिलं होतं. वरचा की खालचा, तेवढं लिहायचं राहिलं.

गुरुवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. दार उघडलं तर माझा धाकटा भाऊ विश्वजीत जिन्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभा.

"ताई, अनुष्का कुठंय?"

"माझ्या कडेवर. का रे?"

"तिला आत ने. तिचं तोंड मला दिसता कामा नये. ऑफिसात आईचा फोन आला होता."

विश्वा न्हावा शेवा बंदरात एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात होता. आमच्या नवीन पनवेलच्या घरी फोन नव्हता, त्यामुळे आईचे सगळे हुकूम आधी बंदरात उतरायचे आणि मग विश्वाच्या स्कूटरवरून आमच्याकडे यायचे.

हुकूम असा होता. मुलाचे वरचे दात आधी आले तर मामाला वाईट. हे आमच्याकडे सगळेच मानतात, पण आईने त्याला स्वतःची पोटकलमं जोडलेली होती. दात वरचा असेल तर मामाचं वर्षभर शुभकार्य नाही. आणि वरचा की खालचा याचा निकाल लागेपर्यंत मामाने तो दात बघायचाच नाही.

विश्वाचा साखरपुडा पुढच्या रविवारी, म्हणजे दहा दिवसांवर होता.

"अरे मग सांग ना तिला, खालचा आहे म्हणून!"

"सांगितलं. ती म्हणते, पद्मी सांगते ते मला ऐकायचं नाही, मला फोटो पाहिजे."

त्यालाही कारण होतं. मागच्या वर्षी विश्वा स्कूटरवरून पडला, तेव्हा मी आईला 'जरा खरचटलंय' असं कळवलं होतं, आणि तो दीड महिना गळ्यात हात बांधून हिंडत होता. तेव्हापासून माझं पत्र आई चष्मा लावून नाही, संशय लावून वाचायची. एरवी ती स्वतःच एसटीत बसून नातीच्या तोंडात बोट घालायला आली असती. पण ओट्यावरून घसरून तिचा पाय नेमका आता प्लॅस्टरमध्ये होता.

शिवाय तिच्याकडे दाखला होता. मला स्वतःला म्हणे वरचा दात आधी आला होता, आणि आठवड्याच्या आत बळीराममामाची नोकरी गेली होती. बळीराममामा त्याआधी पंधरा दिवस कामावर गेलाच नव्हता, हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

"मी फिजिक्सची बीएस्सी आहे," मी म्हटलं. "मी हे असलं काही मानत नाही."

"मग तिला आत का घेऊन गेलीस?" विश्वाने जिन्याला विचारलं.

खरं म्हणजे मी तिला आतल्या खोलीत पाळण्यात ठेवून, वर दुपट्याचा पडदा करून आले होते. मानायचं नाही ते ठीक आहे, पण एकुलत्या एका भावाच्या बाबतीत प्रयोग कशाला करा?

चहा घेता घेता त्याने खरी अडचण सांगितली. त्याची होणारी बायको अनुया त्याच्याच ऑफिसात होती. तिचे वडील निवृत्त हेडमास्तर. सुकापूरला त्यांचा नवा बंगला झाला होता, तिथेच साखरपुडा होता. आमच्या बाजूने तारीख दोनदा पुढे गेली होती, एकदा विश्वाच्या हातामुळे आणि एकदा आईच्या पायामुळे.

"ते म्हणाले, 'हात झाला, पाय झाला, आता तिसरं कारण आलं तर मी समजेन तुम्हाला मुलगी नकोय.' आणि मी जाऊन काय सांगू, ताई? भाचीचा दात?"

मला हसू येत होतं, पण मी चहाचा कप तोंडाला लावला. चार वर्षं तो आणि अनुया एका टिफिनमध्ये जेवत होते.

"फोटो काढू," मी म्हटलं. "तुझ्याकडे एवढा कॅमेरा आहे ना?"

"कॅमेरा आहे," तो म्हणाला, "पण कॅमेऱ्यातून बघणार कोण? मी मामा आहे."

शनिवारी दुपारी आमच्या गच्चीवर जी फोटोग्राफी झाली, ती समोरच्या इमारतीतल्या लोकांना अजून कोडं आहे. सत्यजीत वेताच्या मोड्यावर बसले होते, मांडीवर अनुष्का. समोर गुडघ्यांवर मी, हातात विश्वाचा जपानी कॅमेरा. आणि विश्वा पाच पावलं पलीकडे, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला नाक लावून, दोन्ही हातांनी डोळे झाकून उभा. तिथून तो सूचना देत होता.

"रोल ब्लॅक अँड व्हाइट टाकलाय. रंगीत धुवायला मुंबईला पाठवावा लागतो, आठ दिवस जातात. हा अब्दुल्लाचाचा इथंच धुऊन देतील. पहिला फोटो साधा घे, बटण कुठंय ते कळेल."

मी साधा फोटो घेतला. अनुष्काने कॅमेरा बघून भोकाड पसरलं होतं.

"आता ती छोटी काच लेन्सवर फिरवून बसव. ती क्लोज-अपची. वीतभर अंतरावर जा. रिंग फिरवू नको, तूच मागे-पुढे हो."

मी मागे-पुढे झाले. त्या काचेतून माझी मुलगी दिसेनाशी झाली आणि नुसतं तोंड उरलं. तोंड म्हणजे एक गुहा. मी जरा श्वास घेतला तरी दात धूसर व्हायचा.

"विश्वा, आत काळोख आहे रे. बाहेर एवढं ऊन आहे, पण तोंडात काहीच नाही."

"म्हणून तर फ्लॅश लावलाय. उन्हातसुद्धा थोडा फ्लॅश मारायचा, काळोख भरून काढण्यापुरता."

मी मारला. अनुष्का दचकली. सत्यजीतही दचकले.

"एवढ्या जवळून मारलास? रुमाल बांधलास का?" भिंत ओरडली.

"कसला रुमाल?"

"ताई! फ्लॅशवर रुमालाची दुहेरी घडी बांध, नाहीतर सगळं चुन्यासारखं पांढरं येईल. दात आणि हिरडी एकच!"

रुमाल सत्यजीतच्या खिशात होता आणि खिसा अनुष्काच्या खाली होता. तो निघेपर्यंत अनुष्काने कॅमेऱ्याचा पट्टा चोखून घेतला.

"आता हिरवी काच."

"ती कशाला?"

"तू फिजिक्सवाली ना? हिरव्या काचेतून लाल रंग काळा येतो. हिरडी लाल. मग हिरडी काळी आणि दात पांढरा. आईला चष्म्याशिवाय दिसेल."

हे मात्र मला मनापासून आवडलं. तीन वर्षं कॉलेजात प्रकाशाचा अभ्यास केला, पण त्याचा एवढा सरळ उपयोग पहिल्यांदाच होत होता. मग मीही माझं डोकं चालवलं. आत जाऊन काजळाची डबी आणली आणि अनुष्काच्या हनुवटीवर, मधोमध, ठसठशीत तीट लावली.

"दृष्ट लागू नये म्हणून?" सत्यजीतनी भुवया उंचावल्या. "फिजिक्सची तीट?"

"दृष्टीसाठी नाही. खूण म्हणून. तीट हनुवटीवर, हनुवटी खाली, म्हणजे दात खालचा. आईला एका नजरेत कळेल."

"वा!" भिंत म्हणाली. "ताई, हे बेस्ट आहे."

राहिला प्रश्न तोंड उघडण्याचा. बिस्किट दाखवलं तर ती ओठ मिटून विचार करायची. कावळा दाखवला तर मान वळवायची. शेवटी तिचं लक्ष मामाकडे गेलं. मामा बोलतोय पण वळत नाही, हे तिला फारच मजेशीर वाटलं. विश्वा काही म्हणाला की ती त्याच्या पाठीकडे बघून खदखदून हसायची.

"बोल रे, बोलत राहा!" मी ओरडले.

"काय बोलू?"

"काहीही!"

"अनुष्काबाई," भिंतीला नाक लावून माझा एकोणतीस वर्षांचा भाऊ म्हणाला, "तुमच्या त्या एका दातावर माझं लग्न अडलंय हो. जरा दया करा."

ती तोंड फाडून हसली आणि मी बटण दाबलं.

अब्दुल्लाचाचांचा हिलाल फोटो स्टुडिओ जुन्या पनवेलमध्ये होता. अर्ध्या गावाच्या लग्नाचे फोटो त्यांच्या हातून गेले होते. मुलगी दाखवायच्या फोटोतली मुरुमं, देवीचे व्रण, चष्म्याचे वळ, चाचा असे काढायचे की मुलाकडच्यांना लग्नानंतरच कळायचं. सोमवारी संध्याकाळी त्यांनी दाताचा फोटो पोस्टकार्डाएवढा करून दिला. मी बघतच राहिले. काळ्याभोर हिरडीत दात असा चमकत होता, जशी अंधाऱ्या माजघरात समई. पाकिटात घालून मंगळवारी पोस्टात टाकला आणि मी निर्धास्त झाले. मी निर्धास्त झाले की काहीतरी होतंच, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गुरुवारी सात वाजता विश्वा पुन्हा आला. पुन्हा जिन्याकडे तोंड.

"फोटो पोचला. आई म्हणते, वरचा आहे."

मी अनुष्काला सत्यजीतच्या हातात दिलं आणि स्लीपर घालून तशीच खालच्या एसटीडी बूथवर गेले. विश्वा मागून आला. आईच्या शेजारी दयारामभाऊंकडे फोन होता. आईचा पाय मोडल्यापासून ते वायर ताणून फोन खिडकीतून तिच्या हातात द्यायचे.

"आई, फोटो उलटा धरलायस तू!"

"मी काय अडाणी आहे? सातवी पास आहे मी."

"अगं फिरव. खालची बाजू वर कर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग आई म्हणाली, "फिरवला. आता खालचा झाला."

"झालं तर मग!"

"काय झालं? परत फिरवला की परत वरचा होतो. दयारामभाऊंनी पण बघितला."

मागून दयारामभाऊंचा आवाज आला, "आडवा धरला तर बाजूचा दिसतो, वहिनी."

"ऐकलंस? पद्मे, असला फोटो काय कामाचा? जसा धरावा तसा दात!"

"आई, तीट बघ ना! हनुवटीवर तीट आहे. ज्या बाजूला तीट, ती खालची बाजू."

"कसली तीट? फोटोत तीट नाही, नाक नाही, गाल नाही. नुसती ओठांची कड आणि दात. माझ्या नातीचा आहे की दुसऱ्या कुणाचा, ते पण कळत नाही."

"तीट आहे आई, मी माझ्या हाताने—"

"जरा खरचटलंय, ते पण तूच लिहिलं होतंस," असं म्हणून आईने आवाज खाली आणला. "माझा एकच मुलगा आहे गं. वर्षभर थांबला तर काय बिघडतं? मी उद्या अनुयाच्या वडिलांना कळवते."

"उद्या नको! उद्या रात्री आठला मी फोन करते, तोपर्यंत थांब."

"आठ वाजेपर्यंत," आई म्हणाली. "पुढे एक मिनिट नाही."

बूथच्या बाहेर विश्वा काच पुसत असल्यासारखा उभा होता.

शुक्रवारी सकाळी स्टुडिओचं शटर अर्धं वर झालं तेव्हा आम्ही दोघं बाहेर उभे होतो. विश्वाने रजा टाकली होती.

"चाचा, फोटोत तीट नाहीये," मी म्हटलं.

"काय नाही?"

"हनुवटीवर काळा ठिपका होता ना?"

चाचांचा चेहरा उजळला. "अरे हां! तो डाग? बेटी, एवढी नाजूक बच्ची आणि मोठ्या फोटोत डाग केवढा दिसत होता! ब्लेडने असा उचलला की कागदालासुद्धा खबर नाही. त्याचे पैसे नाही घेतले हां मी."

"चाचा, ती तीट होती. काजळाची."

चाचांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला. आमची हव्वाबी रोज नातवाला लावते. रोज बघतो मी. पण फोटोत काळं दिसलं की हात आपोआप चालतो. तीस वर्षांची आदत आहे, बेटी."

"आणि नाक?"

"नाकाचं नुसतं टोक येत होतं. अर्धं नाक बरं दिसतं का? कापलं."

विश्वा फोटोकडे बघायच्या बेतात होता. मी तो पटकन उलटा केला. निकाल अजून लागला नव्हता.

"फ्लॅशपण नडला, ताई," तो छताकडे बघत म्हणाला. "नुसत्या उन्हात खालच्या ओठाखाली सावली पडली असती, त्यावरून तरी वर-खाली कळलं असतं. आपण ती भरून काढली."

म्हणजे सावली फ्लॅशने खाल्ली होती, नाक कात्रीने आणि तीट ब्लेडने. हिरव्या काचेमुळे दात तेवढा सुरेख आला होता.

"घाबरू नको," चाचा म्हणाले. "डाग कागदावरून गेला, निगेटिव्हवर आहे. नाकासकट, तीटसकट सगळं पुन्हा काढून देतो. तासभर बस."

ते आतल्या अंधाऱ्या खोलीत गेले. काउंटरवर आमच्या रोलचा कागद पडला होता, एकाच पानावर सगळे फोटो, तिकिटाएवढाले. नऊ धूसर होते, चार चुन्यासारखे पांढरे, एकात फक्त सत्यजीतचा खिसा होता. आणि सगळ्यात पहिला होता तो रियाजाचा, कसलीच काच न लावलेला. मी भिंग घेऊन वाकले.

मोड्यावर सत्यजीत, बावचळलेले. मांडीवर अनुष्का, नाक वाहतंय, तोंड वेडंवाकडं करून रडतेय. दात वगैरे काही दिसत नव्हता. आणि मागे, पाण्याच्या टाकीला नाक टेकवून, दोन्ही हात डोळ्यांवर, उन्हात शर्ट पाठीला चिकटलेला विश्वा. शाळेत शिक्षा केल्यासारखा.

"चाचा," मी आतल्या काळोखाला हाक मारली, "हा पहिलाही मोठा करून द्या. आणि याच्यातलं काही म्हणजे काही काढू नका."

"शेंबूड?"

"शेंबूडसुद्धा."

दुपारी बाराच्या महाड गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात मी पाकीट दिलं. दयारामभाऊ स्टँडवर घ्यायला येणार होते. मग आठ तास मी काय केलं ते विचारू नका. वहीत अनुष्काच्या ढेकरा दोनदा लिहिल्या.

आठला पाच कमी असताना आम्ही सगळेच बूथमध्ये घुसलो. मी, सत्यजीत, त्यांच्या खांद्यावर झोपलेली अनुष्का, आणि दाराकडे तोंड करून विश्वा.

"आई, मिळालं?"

"मिळालं."

"आता दिसली ना तीट? नाक वर, तीट खाली, मध्ये दात—"

"तो फोटो नाही बघितला मी."

"म्हणजे?"

"आधी दुसरा निघाला पाकिटातून." आईने फोन दुसऱ्या कानाला लावला. खरखर चालू होती. "तो विश्वा आहे ना गं मागे?"

"हो."

"किती वेळ उभा होता तसा?"

"तासभर तरी. तुझा हुकूम होता ना, बघायचं नाही म्हणून."

"टोपी तरी घालायची." तिने नाक ओढलं. "लहान असताना बिस्किटाचा डबा ठेवला आणि बघू नकोस म्हटलं तर असाच उभा राहायचा. बोटांच्या फटीतून बघायचा, पण उभा राहायचा. या वेळी बघितलं का त्याने?"

मी विश्वाच्या पाठीकडे बघितलं. "नाही आई. अजूनही नाही. आत्तासुद्धा दाराकडे तोंड आहे."

"मग त्याला काय होतंय! एवढं ऐकणारा पोरगा आहे," आई म्हणाली. "अनुयाच्या वडिलांना सांग, रविवारी येतो. दयारामभाऊ जीप करतायत. माझ्या पायाला पुढची सीट लागेल. आणि त्याला म्हणावं, वळ आता."

मी निरोप दिला. विश्वा वळला नाही. दोन मिनिटं तसाच दाराची काच पुसत राहिला, आणि या वेळी खरंच पुसत होता, बाहीने, आधी काच आणि मग डोळे. अनुष्का झोपेतच होती, त्यामुळे तोंड मिटलेलं. दात त्याने दुसऱ्या दिवशी बघितला आणि म्हणाला, "एवढासाच?"

रविवारी सुकापूरच्या बंगल्यात आईला खुर्चीसकट उचलून आत आणलं. हेडमास्तरांनी स्वतः तिच्या पायाखाली पाट सरकवला. अनुया पाया पडायला वाकली तेव्हा आईने तिला हाताने धरून शेजारी बसवून घेतलं. मग पहिलं काम म्हणून तिने अनुष्काला माझ्याकडून मांडीवर घेतलं आणि सगळे तबकं मांडण्यात गुंतलेले बघून, हळूच तिचा ओठ वर केला.

मी हातातलं तबक तसंच खाली ठेवलं. कारण सकाळी वाटी अनुष्काच्या तोंडाला लावली तेव्हा दोन 'टिक' झाले होते. खालचा आणि वरचा. दोघं आता समोरासमोर, एकाच उंचीचे. कोण आधी आला, कुणाला सांगता आलं नसतं.

आईने बराच वेळ बघितलं. वरचा दात, खालचा दात, मग मी.

तेवढ्यात नव्या झब्ब्यात विश्वा समोरून येताना दिसला. आईने पदराच्या टोकाने अनुष्काचं तोंड पुसलं आणि दोन बोटांनी तिचे ओठ अलगद जुळवले.

"मीट गं बाई तोंड," ती पुटपुटली. "मामा येतोय."